भोंगा वाजायच्या आत

दिवाळीचे कंदील उतरले आणि पायाशी पडून असलेली गोधडी पहाटे गळ्यापर्यंत यायला लागली, की सकाळी सातच्या सुमाराला माझे कान आपोआप टवकारतात. हर्सूलला राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. इथे भोंगा वाजत नाही. सकाळी ऐकू येतात ते दूधवाल्यांचे हॉर्न आणि तलावाकडे पळायला निघालेल्या मुलींचे बूट. भरतीची तयारी करणाऱ्या मुली आहेत. प्रत्येकीच्या मनगटावर काळं चौकोनी घड्याळ, आणि पळून झालं की आधी पाणी नाही, आधी घड्याळ. परवा त्यातली एक वैतागून म्हणाली, "खोटं दाखवतंय हे." मला हसू आवरेना. खोट्या वेळेबद्दल जे मला माहीत आहे ते त्या तलावाकाठी दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नाही. त्या खोट्या वेळेने माझ्या एका हिवाळ्याचा अख्खा महिना खाल्ला होता, आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा कोणता असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

तेव्हा मी नववीत होते. शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आम्ही वाळूजच्या बजाजनगरात राहत होतो. वस्ती नवी होती, निम्मे प्लॉट मोकळे होते. घरामागे ज्वारी उभी आणि घरापुढच्या रस्त्यावर कामगारांच्या सायकली. थंडीच्या सकाळी दोन वास एकदम यायचे, मागून दव पडलेल्या ज्वारीचा आणि पुढून कंपन्यांच्या तेलाचा, रंगाचा. गंगापूरकडच्या गावात चुलते शेती बघत आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, इथे एका कंपनीत प्रेसवर पत्र्याचे डबे ठोकत. दोन खोल्या आणि आम्ही सहा माणसं. त्या घरात एकटं असं कुणालाच राहता येत नसे. रडायचं असलं तरी रांग लावावी लागे.

पळण्याशी माझा संबंध निव्वळ उंचीमुळे आला. शाळेच्या स्पर्धेत आठशे मीटरला एक मुलगी कमी पडत होती. "तू उंच आहेस, तू उभी राहा," बाईंनी सांगितलं, जणू फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातलं पुसायला उभं राहायचं होतं. मी अनवाणी पळाले आणि दुसरी आले. परीक्षक म्हणून आलेले खरात सर फौजेतून निवृत्त झालेले होते. छावणीच्या मैदानावर ते मुलींची एक बॅच घेत. त्यांनी मला बोलावून विचारलं, "मैल पळशील? सोळाशे मीटर?" मी हो म्हटलं. मैल म्हणजे किती हे मला धड माहीत नव्हतं. "सातच्या आत आण. सात मिनिट. फिर देखेंगे," ते म्हणाले आणि पुढच्या शर्यतीकडे वळले.

मी अभ्यासात मध्यम, दिसायला मध्यम, घरातही मधली. त्या आठशे मीटरमध्ये मात्र कुणी मला हाक मारत नव्हतं, कुणी काही आणायला सांगत नव्हतं, आणि पळताना मला मी आवडले होते. हे असं तेव्हा सांगता आलं नसतं. मी घरी जाऊन एवढंच म्हटलं, की मला खरात सरांच्या बॅचमध्ये जायचंय.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाले, "संक्रांतीपर्यंत वेळ देतो. तोवर सातच्या आत आली अन् त्या सरांनी घेतलं, तर मी आडवा येणार नाय. नाय आली, तर हे खूळ डोक्यातून काढायचं. पुढच्या साली धाव्वी हाय तुझी." माझ्या दोन चुलतबहिणी माझ्या वयात सासरी गेल्या होत्या. खूळ काढायचं म्हणजे काय काय काढायचं, हे मला बरोबर कळलं.

पण अण्णा मापाचे माणूस. अट घातली तर मापही आपणच द्यायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. त्याच रविवारी त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकाला लाल चिंधी बांधली, चाकाचा घेर दोरीने मोजला आणि वडगावच्या रस्त्यावरच्या लिंबापासून सायकल हातात धरून चालत चालत चिंधीचे फेरे मोजत निघाले. मध्ये शेजारचे काका भेटले आणि "काय अण्णा, पंक्चर का?" म्हणाले. अण्णांनी हाताने त्यांना गप्प केलं. मोजणी चुकेल म्हणून त्या माणसाने नमस्कारसुद्धा केला नाही. मैल बरोबर त्यांच्या कंपनीच्या गेटशी संपत होता.

आता राहिली वेळ. घरात मनगटी घड्याळ एकच, ते अण्णांच्या हातावर, आणि अण्णांची फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होणारी. त्यावर तोडगाही अण्णांनीच सांगितला. त्यांच्या कंपनीचे सकाळी दोन भोंगे व्हायचे. पहिला सातला सात कमी असताना, दुसरा ठोक सातला, आणि दुसरा वाजला की छोटं गेट बंद. पहिला भोंगा पाच मिनिटं आधी नाही, दहा मिनिटं आधी नाही, सातच मिनिटं आधी का, हे त्या कंपनीत कुणालाच सांगता येत नसे. माझ्यासाठीच तसं ठरलंय अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. पहिल्या भोंग्याला लिंबाखालून सुटायचं आणि दुसऱ्याच्या आत गेट गाठायचं.

त्या काळी वस्तीत पोरगी पळताना दिसली म्हणजे घरात कुणाला तरी काहीतरी झालंय, एवढाच अर्थ होता. पहिल्या दिवशी दोघा सायकलवाल्यांनी मला थांबवलं. "काय झालं गं? कोन आजारी हाय का?" एका म्हाताऱ्या बाईंनी तर घरात पळत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी पळायचा सराव करतेय म्हटल्यावर त्या तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायल्या. शेवटी आईने युक्ती काढली. डब्याची पिशवी हातात घेऊन पळायचं, कुणी विचारलं तर अण्णा डबा विसरलेत म्हणून सांगायचं. पिशवी रिकामी, पण दिसायला डब्याची. रस्ता लगेच मोकळा झाला. डबा घेऊन पळणाऱ्या मुलीला कुणी अडवत नाही. फक्त कंपनीत अण्णांची फजिती सुरू झाली. "अण्णा, आज बी इसरले जनू?" असं रोज कुणीतरी म्हणे, आणि अण्णा, जे जन्मात काही विसरले नव्हते, मान खाली घालून प्रेसकडे जात.

थंडीत पळायचं म्हणजे पहिली दोनशे पावलं वैर्‍याला लागोत. घसा आतून खरवडल्यासारखा होतो, जिभेवर लोखंडाची चव येते, उजव्या बरगडीखाली कळ येते. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट दवाने भिजून जड होत. ओढणी कमरेला करकचून बांधलेली. पाण्याची टाकी, मग पिठाची गिरणी, मग पानटपरी, मग सायकल स्टँड आणि मग गेट. गिरणीपाशी रस्ता किंचित चढतो हे बजाजनगरात फक्त मला माहीत होतं. तिथेच पाय म्हणायचे, कशाला गं बाई? आणि तिथेच, टाकी आणि गिरणीच्या मध्ये, रोज दुसरा भोंगा वाजायचा. लांबलचक, घोगरा. एक दिवस मी गेटसमोरच्या कट्ट्यावर बसून भरपूर रडले. कामगार आत गेलेले, रस्ता रिकामा. रांग न लावता रडायला मिळालं.

त्यानंतर चमत्कार झाला. दोनच दिवसांनी मी टपरी ओलांडली, सायकल स्टँड ओलांडलं, गेटला हात लावला, आणि मग भोंगा वाजला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. गेटवर चाऊसचाचा असायचे. त्यांचे वडील निजामाच्या फौजेत होते. पोलीस अॅक्शननंतर वर्दी गेली, पण ताठ पाठ आणि पिळदार मिशा घरात राहिल्या, आणि त्या दोन्ही चाचांकडे आल्या होत्या. भोंग्याचं बटण त्यांच्याच केबिनमध्ये होतं. मी धापा टाकत विचारायची, "आले ना, चाचा, आधी?" आणि ते म्हणायचे, "हौ बेटी, एकदम आधी." मी घरी उड्या मारत जायची. आई म्हणाली, तू आजकाल भाकरी थापताना गुणगुणतेस.

असा महिनाभर गेल्यावर मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी अण्णांच्या सायकलवर मागे बसून छावणीला गेले. डोळे मिटून सातच्या आत येणार होते. सरांच्या मुली पायाने जमीन उकरत उभ्या होत्या, त्यांच्याकडे मी जरा दयेनेच पाहिलं. मैदान मऊ, हवा छान, पाय हलके. माझ्या मते मी त्या वर्षातली सगळ्यात चांगली पळाले. सरांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आठला टेकलीस. अभी बहुत बाकी है."

मी म्हटलं, मैदान मोठं असेल. सर म्हणाले, मैदान मैदानाएवढंच आहे. छावणी ते बजाजनगर हा रस्ता इतका लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

उलगडा आईने केला, तोही भाजी निवडताना. "तरी मी म्हनत होते, आपला रेडिओ पुढं का पळतोय. हल्ली सातच्या बातम्या सुरू होतात अन् भोंगा मागून वाजतो. मला वाटलं शेल उतरलेत." अण्णांचा हात एकदम मनगटाकडे गेला. त्यांचंही घड्याळ भोंग्याच्या पुढे जायला लागलं होतं. त्यांनी ते शहरात गुलमंडीवर नेऊन दुरुस्त करून आणलं होतं, म्हणजे चांगल्या चालत्या घड्याळाला पैसे देऊन मागे ढकललं होतं. मग शेजारी चौकशी झाली. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी आपापली घड्याळं, गजर, सगळं भोंग्याप्रमाणे मागे घेतलं होतं. भोंगा चुकेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या पळण्यापायी अख्खी ओळ जवळजवळ मिनिटभर मागे राहत होती.

सोमवारी पहाटे अण्णा मला घेऊन गेटवर गेले. चाऊसचाचांनी आम्हा दोघांचे चेहरे पाहिले आणि स्टुलावर बसले. त्यांनी काही नाकारलं नाही.

"पैल्या दिशी मला वाटलं डबा हाय," ते म्हणाले. "बच्ची बापाचा डबा घेऊन धावतीये, गेट बंद झालं तर बाप दिवसभर उपाशी. म्हनून थांबलो. मग ही आली, हात लावला, अन् असं हसली... दोन दिवस आधी इथंच कट्ट्यावर बसून रोती होती. मैं क्या करता, अण्णा? दुसऱ्या दिशी बटनावर हातच पडेना."

"चाचा, तुमी माझा महिना खाल्ला!" मी ओरडले. मोठ्या माणसावर मी पहिल्यांदाच ओरडत होते. "संक्रांत आली! आता मी काय करू?"

अण्णा मला गप्प करतील असं वाटलं होतं. पण ते चाचांना म्हणाले, "चाऊसभाई, पोरीला खोटं माप देऊ नका. कमी पडली तर कमी पडू द्या. तिला कळू द्या किती कमी पडली ते."

चाचांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "एक काम करतो. पाठ फिरवून उभा राहतो. तू दिसलीस तर मला जमायचं नाय."

त्या रागाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले, फार मोठी धावपटू वगैरे झाले नाही, आणि नोकरीभर हातात घड्याळ धरून मुलींसमोर उभी राहिले. एखादी जीव तोडून पळते, रेषेवर कोसळते आणि वर बघून विचारते, "बाई, किती?" त्या क्षणी दोनचार सेकंद कमी सांगावेत असं मला दरवेळी वाटलं आहे. दरवेळी. प्रेम म्हणतं सांग, काय बिघडलं? मग मला चाचांची पाठ आठवते आणि मी खरी वेळ सांगते. पण चाचांवर माझा राग काही टिकला नाही. जगात माझ्या बाजूने कुणीतरी अख्ख्या कंपनीचा वेळ थांबवला होता. असं पुन्हा कधी कुणी केलं नाही.

खरा भोंगा सुरू झाला तेव्हा पहिल्या सकाळी त्याने मला पुन्हा टाकीच्या जरा पुढे गाठलं. कामगारांची तर दाणादाण उडाली. महिनाभर मिळणारं आयतं मिनिट गेलं होतं आणि गेटबाहेर लेट मार्कवाल्यांची गर्दी झाली. मला पाहून एक जण म्हणाला, "बाई, तू आपली हळू पळ, पन चाऊसभाईला पैल्यासारखं कर!" कारण सगळ्यांना कळलं होतं. डब्याची पिशवीही आता घरी राहिली. लपवायला काही उरलं नव्हतं, आणि माझे दोन्ही हात मोकळे झाले.

मग रोजचा एकच प्रश्न, आज भोंग्याने कुठे गाठलं? मी आकडे ठेवले नाहीत. ठिकाणं ठेवली. गिरणी यायला बरेच दिवस लागले. गिरणीवाल्याने मग दार उघडून उभं राहायला सुरुवात केली, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणायचा, "आली, आली! कालच्यापेक्षा चार हात फुडं!" काही दिवस मी मागेही गेले. ताप आला तेव्हा पुन्हा टाकी. पण मला त्या दिवसांत भोंग्याची भीती वाटेनाशी झाली. तो वाजला की मी जिथे असे तिथे थांबायची, पायाने मातीत रेघ ओढायची आणि धाप लागलेली असतानाच हसायची. खोट्या दिवसांत मला रोज गेट मिळत होतं आणि पुढे काहीच उरत नव्हतं. आता दोनचार हात जमीन मिळायची, पण ती माझी असायची. ज्वारी निसवून तिच्यात आता दाणा भरला होता, सकाळी धुक्यात कणसं तेवढी दिसायची. मी भराभर उंचही झाले त्या हिवाळ्यात. सलवार घोट्याच्या वर गेली.

टपरीपाशी पोचले तेव्हा संक्रांतीला आठवडा राहिला होता. आई तीळ भाजत होती. शनिवारी सकाळी इतकं धुकं होतं की मला टाकी दिसली नाही, गिरणी कधी गेली कळलं नाही. टपरीवाल्याचं "पळ, पळ!" असं ओरडणं ऐकू आलं. सायकल स्टँडच्या पत्र्याला हात घासला. आणि मग माझ्यासमोर गेट होतं आणि भोंगा वाजला नव्हता. केबिनमध्ये चाचांची ताठ पाठ. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, बोट बटणावर. मी गेटच्या लोखंडावर मूठ आपटली.

"कोन?" त्यांनी न वळता विचारलं.

"मी."

पाठ वळली नाही. त्यांनी बोट हलवलं नाही. मी उभी होते, ते उभे होते, आणि घड्याळाचा काटा आपल्या गतीने जात होता. मग भोंगा वाजला. तो संपल्यावर चाचा वळले तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या आणि ते त्याचा दोष धुक्याला देत होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी छावणीला सरांच्या मुलींबरोबर मी पळाले. दोघी माझ्या पुढे होत्या, बाकीच्या मागे. शेवटच्या फेरीत बरगडीखाली तीच कळ आली आणि मी तिला ओळखीच्या माणसासारखं सोबत घेतलं. रेषा ओलांडून मी गवतावर पडले. कानात नुसतं रक्त वाजत होतं. डोळे उघडले तर सर आणि अण्णा दोघंही एकाच घड्याळावर वाकलेले.

"सातला चार सेकंद कमी," सर म्हणाले.

"परत एकदा बघा सर," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं मागं घड्याळाचा घोळ झालता."

सर मोठ्याने हसले. त्यांनी घड्याळ अण्णांच्या हातातच दिलं. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कानाला लावलं आणि परत केलं.

"सोमवारपासून सकाळी सहाला ग्राउंडवर," सर मला म्हणाले. "रोज. एक दिन भी नागा नहीं चाहिए. वाळूजवरून एवढ्या अंधारात येणार कशी?"

याचा मी विचारच केला नव्हता. सगळा जीव सात मिनिटांवर लावला होता, पुढच्या सकाळी माझ्या डोक्यात नव्हत्या. सकाळी सहाला मला छावणीत सोडलं, तर अण्णांना सातची फर्स्ट शिफ्ट गाठता येणार नव्हती. त्या शिफ्टवर त्यांचा जीव होता. संध्याकाळी मोकळं होऊन ते भजनाला बसत, पखवाज वाजवत, तेवढीच त्यांची एक हौस.

"मी आणून सोडीन की," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुमची फर्स्ट शिफ्ट..."

"सेकंड घेतली. उद्यापासून." ते सायकलच्या कॅरियरवरची धूळ पंच्याने झटकत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"सायबांनी एका दिवसात दिली?"

"एका दिवसात कशाला देतील? सांगून ठेवलं होतं. झाले की तीन आठवडे." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "चल, बस मागं. लई पळालीस."

मी मागे बसले. सायकल छावणीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मनातल्या मनात मागे मागे जात राहिले. तीन आठवड्यांपूर्वी भोंगा मला अजून टाकीपाशीच गाठत होता.